शहाण्यांनी मोडीत काढलेली गाडी

लाकडी अंगाची मोटार सांभाळणं हा वेडेपणा आहे, हे आधीच मान्य करून टाकू. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्यासारख्या गावात, जिथे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर चढतो आणि पाऊस लागला की दाराची चौकट फुगून कडी बसत नाही, तिथे हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. लाकूड उन्हाने आक्रसतं, पाण्याने फुगतं, सांध्यांतून कुरकुरतं, आणि एवढ्यातून वाचलंच तर उधई वाट पाहत असते. अशा लाकडाची पेटी करावी, पाट करावा, फार तर पलंग करावा. त्याची मोटार करायची, ती खड्ड्यांतून पळवायची, ती बनवणारा कारखाना बंद पडून सत्तर वर्षं उलटली तरी दरवर्षी तिला घासून रोगण लावत बसायचं, याला कोणी शहाणपण म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. मला या वेडेपणाची स्तुती करायची आहे, आणि ती वेडेपणा म्हणूनच करायची आहे. त्याला 'छंद', 'गुंतवणूक' असलं सभ्य नाव देऊन नव्हे.

ज्या गाड्यांबद्दल बोलतो आहे त्यांना अमेरिकेत 'वुडी' म्हणतात. चासी, बोनेट आणि मडगार्ड लोखंडाचे. मागचा सगळा सांगाडा, पुष्कळदा दारांसकट, लाकडाचा. मॅपल किंवा अॅशच्या जाड पट्ट्यांची चौकट, त्या चौकटीत बर्च नाहीतर महोगनीच्या फळ्या, आणि वर लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेलं, पाणी धरू नये म्हणून रापवलेलं कापड. रेल्वे स्टेशनवर उतरलेली माणसं, त्यांच्या ट्रंका आणि वळकट्या मुक्कामाच्या जागी पोचवायला या गाड्या जन्मल्या. सुरुवातीला फोर्डच्या मॉडेल टी गाडीची नुसती चासी विकत घ्यायची आणि गावातल्या सुताराकडून तिच्यावर सांगाडा चढवून घ्यायचा, अशी रीत होती. १९२९ मध्ये फोर्डने मॉडेल ए या गाडीवर अशी स्टेशन वॅगन स्वतःच विकायला काढली. क्रायस्लरने १९४१ मध्ये 'टाउन अँड कंट्री' काढली, आणि तिथून पुढे सामान वाहणारी ही गाडी श्रीमंतांच्या दारात दिमाखाने उभी राहू लागली.

हेन्री फोर्ड हा पैशापैशाचा हिशेब ठेवणारा कारखानदार. लाकडाच्या बाबतीत त्याने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. मिशिगन राज्याच्या उत्तर भागात त्याने लाखो एकर जंगल विकत घेतलं आणि १९२० पासून आयर्न माउंटन या गावी करवतीचे कारखाने आणि लाकूड वाळवायच्या भट्ट्या उभारल्या. भुसा आणि तुकडे वाया जातात हे त्याला बघवेना, तेव्हा त्यांचा कोळसा करून वड्या पाडल्या आणि त्या मोटारी विकणाऱ्या दुकानदारांकडूनच विकल्या. तो धंदा पुढे वेगळा झाला आणि किंग्सफर्ड या नावाने अमेरिकेत आजही चालतो. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्याने अमेरिकन सैन्यासाठी लाकडी पंखांचे, बिनइंजिनाचे ग्लायडर बनवले, चार हजारांहून जास्त. युद्ध संपल्यावर तेच हात पुन्हा स्टेशन वॅगनच्या दारांकडे वळले. माणसांना आभाळातून उतरवणारा आणि माणसांना स्टेशनवरून घरी नेणारा सुतार एकच होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारखाना १९५१ मध्ये बंद झाला.

तो का बंद झाला, हे सांगायला जाणकार लागत नाही. या गाड्यांच्या मालकांना दरवर्षी रोगण लावा, बोल्ट आवळा, असं कंपनीच सांगत असे. कोण ऐकतो? पत्रा ठोकून एका साच्यातून शेकडो दारं निघतात. लाकडाचं एक दार करायला माणूस लागतो. १९४६ मध्ये विलीज कंपनीने ब्रुक्स स्टीव्हन्स या आरेखकाकडून पूर्ण पत्र्याची स्टेशन वॅगन करून घेतली. (ज्या विलीजच्या जीपा महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतल्या आणि ज्या पुढे आपल्याकडच्या प्रत्येक तहसील कचेरीसमोर उभ्या राहिल्या, तीच ही कंपनी.) १९४९ मध्ये प्लिमथची पत्र्याची 'सबर्बन' आली. खऱ्या लाकडाच्या शेवटच्या अमेरिकन स्टेशन वॅगन ब्यूइकने १९५३ मध्ये काढल्या आणि तो अध्याय संपला.

पण विलीजची ती पहिली पत्र्याची वॅगन रंगवली कशी होती? लाकडी चौकट आणि फळ्या दिसाव्यात अशा तपकिरी-पिवळ्या रंगांत. पुढे चार दशकं अमेरिकेतल्या कंपन्या पत्र्यावर लाकडाच्या रेषा छापलेला प्लास्टिकचा कागद चिकटवत राहिल्या. लाकूड परवडत नाही, पण लाकूड दिसलं पाहिजे! मला विचाराल तर हा व्यवहार खऱ्या लाकडी गाड्या जपणाऱ्या संग्राहकांच्या वेडापेक्षा कितीतरी विचित्र आहे. संग्राहकाला निदान हवं ते खरं हवं असतं.

१९५० च्या दशकात या गाड्या मातीमोल झाल्या होत्या. सांधे ढिले, छत गळकं, दार उघडलं की हातात येईल अशी स्थिती. मालक कंटाळले होते. त्या कोणी घेतल्या? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी. त्यांच्या लांबलचक फळ्या मावतील एवढी जागा, आणि खिशाला परवडेल एवढी किंमत. ज्या गाड्या भंगारात जाणार होत्या त्यांतल्या कित्येक या बेफिकीर पोरांमुळे वाचल्या. पुढे त्या पोरांतलेच काही मोठे झाले, आणि त्यांनी त्या गाड्या उकलून पुन्हा जोडायला घेतल्या. आज तिथे वुडीवाल्यांचे क्लब आहेत, मेळावे भरतात, आणि चांगली राखलेली टाउन अँड कंट्री लाख डॉलरच्या पुढे जाते. किमतीचा उल्लेख करतो तो नाइलाजाने. कारण शहाण्या माणसाला किंमत सांगितल्याशिवाय कुठलाही वेडेपणा ऐकून घ्यायचा नसतो.

इंग्लंडची कथा वेगळी. युद्धानंतर तिथे पोलादाची टंचाई होती, आणि नव्या मोटारीवर जबर कर होता. लाकडी सांगाड्याच्या गाड्या मालवाहू वर्गात मोडत म्हणून त्या करातून सुटत. तेव्हा पुष्कळ गाड्यांच्या अंगावर लाकूड आलं ते सरळ हिशेबाने. मग कर बदलला, पोलाद आलं आणि लाकूड जायला हवं होतं. तरी मॉरिस मायनर ट्रॅव्हलर १९५३ ते १९७१ पर्यंत अॅशच्या चौकटीसह बनत राहिली. तिचं लाकूड शोभेचं नाही. मागचा भाग त्यावरच उभा आहे. म्हणून इंग्लंडात २०१८ पर्यंत गाडीच्या सक्तीच्या तपासणीत तिची चौकट कुजलेली निघाली तर गाडी नापास होत असे. तपासनीस लाकडात टोचून पाही आणि गाडी रस्त्यावर येऊ द्यायची की नाही ते ठरवी. ज्या मॉरिस ऑक्सफर्डपासून आपली अॅम्बॅसडर झाली, तिच्याही ट्रॅव्हलर गाडीला मागे लाकडी चौकट होती. आणि मॉर्गन नावाची कंपनी मॅल्व्हर्न या गावी आजही आपल्या गाड्यांचा सांगाडा अॅशच्या लाकडात करते.

आता आपल्याकडे येऊ. ही गाडी आपल्या भागात कुठे शोभली असती तर मलकापूर–बुलढाणा रस्त्यावर. १८६० च्या दशकात भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग पडला तो खालच्या सपाटीतून, मलकापूर-नांदुऱ्यावरून. जिल्ह्याचं ठाणं मात्र वर, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, बुलढाण्याला. तिथे रेल्वे कधी चढली नाही. म्हणजे रेल्वेने आलेल्या माणसाने मलकापूरला उतरायचं, सामान गाडीत टाकायचं, मधोमध मोताळा लागतं तिथे थांबायचं, आणि मग राजूरचा घाट चढून वर जायचं. हा क्रम आजही बदललेला नाही. स्टेशन वॅगन ज्या कामासाठी जन्मली ते काम या रस्त्याने बैलांच्या दमणीकडून, मग मोटारीकडून, मग एसटीकडून करून घेतलं आहे.

आणि आपल्याकडच्या मोटारींचं अंगही लाकडीच होतं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला, तो १९५४ पर्यंत चालला. तिथून आणि इतर ठिकाणांहून ट्रकच्या आणि बसच्या नुसत्या चासी बाहेर पडत. वरचा सांगाडा आपला सुतार चढवी, बहुधा सागवानाचा. म्हणजे अमेरिकेतल्या गावच्या सुताराने मॉडेल टी वर जे केलं तेच इथल्या सुताराने शेव्हर्लेवर केलं, आणि त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याला गाडा करता येत होता.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सरकारी एसटीची पहिली गाडी धावली ती बेडफोर्डची. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. तिचं अंग लाकडी होतं, वर कापडाचं छत, आत काथ्याच्या गाद्या. आज ज्या संस्थेला महाराष्ट्र 'लालपरी' म्हणतो तिची सुरुवात एका वुडीपासून झाली, असं म्हटलं तर काहीच वावगं नाही. मोटारीचं तोंड लोखंडी, शरीर सुताराचं, छत कापडाचं, काम माणसं नेण्याचं. त्या वेळी विदर्भ मुंबई राज्यात नव्हता, तो १९५६ साली आला, म्हणून बुलढाणा जिल्ह्याचा त्या दिवसाशी थेट संबंध नाही. पण सुरुवातीच्या त्या ताफ्यात बेडफोर्डबरोबर शेव्हर्ले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, फियाट अशा नाना घरच्या गाड्या होत्या, आणि चासी वेगवेगळ्या असल्या की त्यांच्यावरचे सांगाडे सांभाळायला हातानेच काम करणारी माणसं लागतात. पुण्यात दापोडी, औरंगाबादेत चिकलठाणा आणि नागपुरात हिंगणा इथल्या एसटीच्या कार्यशाळा गाड्यांची अंगं स्वतः बांधत आल्या. लाकूड गेलं, अॅल्युमिनियम आलं. अलीकडे पोलाद आलं. प्रवासी सुखी झाला. या बदलाविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. घाटात उलटलेल्या बसमध्ये पोलादी सांगाडा माणूस वाचवतो, आणि त्यापुढे सगळी सुतारकी फिकी आहे.

तेवढ्यासाठीच लाकडी गाडी वेड्याकडे असलेली बरी. तिला आता रोज माणसं वाहायची नाहीत. तिने फक्त असायचं आहे.

पण नुसतं असणं लाकडाला जमत नाही, हाच यातला मुख्य पेच. पत्र्याची जुनी गाडी गोदामात झाकून ठेवली तर वर्षानुवर्षं तशीच राहते. लाकडी गाडी झाकून ठेवली की आत दमट हवा कोंडते, सांध्यांत बुरशी धरते, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी चौकट आतून भुसभुशीत होते. काळा डाग दिसला की समजायचं, पाणी आत शिरलं आहे आणि बोल्ट गंजून लाकडाला खातो आहे. मग ती पट्टी काढायची. एक काढली की तिच्या शेजारची हलते. तिच्या जागी दुसरी बसवायची तर त्याच जातीचं, त्याच दिशेच्या रेषांचं, नीट वाळलेलं लाकूड हवं. ओलसर लाकूड बसवलं तर ते दोन उन्हाळ्यांत आक्रसून पुन्हा फट पडणार. रोगणाचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळल्यावर हलक्या हाताने घासायचा, आणि पावसाळी हवेत हे काम करायचं नाही. यांतलं काहीही यंत्राला लवकर करता येत नाही. संग्राहकाची अर्धी गाडी नवीन लाकडाची झालेली असते, आणि तरीही ती तीच गाडी असते.

आपल्या कायद्याला ही गोष्ट कशी झेपणार हा प्रश्न मला खरोखर पडतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' हा वर्ग केला. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, नूतनीकरणाला पाच हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी प्रदर्शनात, रॅलीत, संशोधनासाठी, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. हा नियम चांगला आहे. पंधरा-वीस वर्षांत गाडी मोडीत काढण्याच्या धोरणात या म्हाताऱ्या गाड्यांना त्याने जागा ठेवली. पण गाडी मूळ रूपात असावी, तिच्या चासीत, अंगात, इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. लाकडाचं मूळ रूप टिकवायचं तर लाकूड बदलावंच लागतं. पुरीच्या जगन्नाथाचे रथ दरवर्षी नव्या लाकडाचे होतात आणि कोणी त्यांना नवे म्हणत नाही. नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने हे ध्यानात ठेवून एखाद्या लाकडी गाडीकडे पाहिलं तर बरं होईल.

महाराष्ट्रात जुन्या गाड्यांची वेडी माणसं आहेत. मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबच्या रॅलीत लोकांनी ती पाहिली आहेत. प्राणलाल भोगीलाल या मुंबईच्या उद्योजकाने आयुष्यभर मोटारी जमवल्या आणि त्या अहमदाबादजवळ कठवाड्याला ठेवल्या, लोकांना पाहायला खुल्या केल्या. त्यांत घोड्यांच्या बग्ग्याही होत्या. पण या वेडाचा आपला थोर पुरुष मी दुसऱ्यालाच मानतो, आणि त्याने मोटार जमवली नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दारं, पेट्या अशा, लोकांनी अडगळीत टाकलेल्या वस्तू गावोगाव हिंडून गोळा केल्या. कोथरूडचा मस्तानी महाल पडायला आला तेव्हा त्याचं कोरीव लाकूडकाम उतरवून आणलं आणि संग्रहालयात पुन्हा उभं केलं. लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते संग्रहालय आहे. त्या काळी शहाण्या लोकांनी या माणसाबद्दल काय म्हटलं असेल याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. आज पुण्यात पाहुणा आला की तेच लोक त्याला तिथे घेऊन जातात.

लाकडी वाहन जपायचं कसं, याचा धडा मात्र आपल्याला संग्रहालयापेक्षा शेजारच्या जळगावात मिळतो. कार्तिकी एकादशीला तिथे श्रीरामाचा रथ निघतो, १८७२ पासून. प्रचंड लाकडी रथ, आणि तो वळवायला, थांबवायला चाकांखाली लाकडाची मोगरी लावणारी माणसं. अवजड रथ गर्दीतून येत असताना चाकाखाली नेमक्या क्षणी मोगरी सरकवायची आणि हात काढून घ्यायचा, ही विद्या पुस्तकात नाही. ती घराघरांतून चालत आली आहे. वर्षातून एक दिवस चालतो म्हणून तो रथ टिकला आहे. त्या दिवसाच्या आधी कोणीतरी त्याची चाकं तपासतं, सांधे पाहतं, तेल देतं. रॅलीपुरतीच गाडी रस्त्यावर आणा, असं सांगणारा नियम आणि हा उत्सव, दोघांचा कारभार सारखाच आहे, फक्त रथाच्या मागे सगळं गाव आहे.

इथे मी माझ्या मुद्द्यावर येतो. पत्र्याच्या गाडीचा मालक एकटा राहू शकतो. त्याने सर्व्हिस सेंटरला गाडी द्यावी, बिल भरावं, घरी यावं. लाकडी गाडीच्या मालकाला सुतार माहीत असावा लागतो. रोगण करणारा माहीत असावा लागतो. सागवान कुठे नीट वाळलेलं मिळेल, बाभूळ कधी तोडलेली चांगली, जवसाचं तेल कोण शुद्ध देतो, हे माहीत असावं लागतं. त्याला पाऊस कधी येणार हे कळावं लागतं. म्हणजे त्याला माणसांत राहावं लागतं. वेडेपणाने त्याच्यावर ही सक्ती केली, आणि मी त्या सक्तीसाठीच त्याची स्तुती करतो. शहाणपणाने आपल्याला एकमेकांपासून मोकळं केलं, हे खरं आहे. आणि ती मोकळीक काही फार सुखाची निघाली नाही, हेही तितकंच खरं आहे.

मोताळ्यात वुडी पाहायला मिळणार नाही. पण दमणी मिळेल. आजूबाजूच्या गावांत, धामणगाव बढ्यापासून पिंपळगाव देवीपर्यंत, एखाद्या गोठ्याच्या आडोशाला, कुटाराच्या ढिगाशेजारी, ती अजून उभी असते. कधी एक चाक निखळलेलं, कधी वरच्या बांबूच्या कमानी मोडलेल्या. लेकीबाळी जिच्यातून माहेरी आल्या, नवरी जिच्यातून उतरली, जत्रेला जिच्यात सगळं घर बसलं, तीच ही गाडी. मालाच्या बंडीहून हलकी, बसायला मऊ, वर छप्पर. स्टेशन वॅगनने जे केलं त्यातलं हिने काय केलं नाही?

आणि तिचं चाक! त्या एका चाकात जेवढी अक्कल आहे तेवढी पुष्कळ मोटारींच्या दारांत नसते. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वळणदार तुकड्यांचा घेर. बाभळीचं चिवट लाकूड. हे सगळं सुतार खिळ्याशिवाय जुळवतो. मग लोहार धाव करतो, लोखंडाची कडी, चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान. ती गोवऱ्यांच्या आगीत लालबुंद तापवायची, तापून फुगलेली असतानाच चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफ उसळते, लाकूड धुमसतं, आणि थंड होताना धाव आक्रसून सगळे सांधे असे आवळून धरते की त्यांना पुन्हा आवळायला बोल्ट लागत नाही. कडी जराशी मोठी झाली तर चाक खुळखुळणार, फार लहान झाली तर आरे फुटणार. हे माप सुतार आणि लोहार दोघांनी मिळून धरायचं असतं. एकट्याला ते साधत नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकून चाक ढिलं पडलं तर गाडी पाण्यात उभी करायची, लाकूड फुगून पुन्हा घट्ट होतं. ज्या गुणामुळे शहाण्यांनी लाकूड टाकून दिलं, त्याच गुणावर हे चाक चालतं.

टायरची गाडी आली, मग लोखंडी गाडी आली, मग ट्रॅक्टर. त्यांना मी दोष देत नाही. राष्ट्रीय महामार्गावर मलकापूरजवळ उभं राहिलं तर लाकडी फळ्यांचे फाळके लावलेले ट्रक आजही जाताना दिसतात, म्हणजे लाकूड रस्त्यावरून पूर्ण उठलेलं नाही. मला दुःख होतं ते दमणीच्या चाकाचं पुढे जे होतं त्याचं. ते चाक ढाब्याच्या भिंतीवर टांगलं जातं, रिसॉर्टच्या फाटकात सिमेंटमध्ये रोवलं जातं, त्यावर काच ठेवून चहाचं टेबल केलं जातं. चाक फिरत नसेल तर त्याची विद्या संपली. लाकूड उरलं काय आणि नाही काय. मिशिगनच्या वुडीवाल्याने त्याच्या गाडीचं दार काढून दिवाणखान्यात टांगलं असतं तर आपण त्याला वेडा म्हटलं नसतं, रसिक म्हटलं असतं. तो वेडा आहे म्हणून ते दार आजही उघडतं आणि मिटतं.

मागणी आली की ही विद्या परतते, हे बैलगाड्यांच्या शर्यतींनी दाखवून दिलं. आपल्याकडचा शंकरपट २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केला, मग महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. बैलांना त्रास होऊ नये यासाठी घातलेल्या अटी पाळल्याच पाहिजेत, त्यात सवलत नको. पण पट पुन्हा सुरू झाला तसे लोक हलकी गाडी बनवून देणारा सुतार शोधू लागले, हे विसरता येत नाही. मागणी आली की हात जागा होतो. मागणी वेडी असली तरी हाताला त्याचं काही नसतं.

म्हणून माझं मागणं दोन ठिकाणी आहे. पहिलं एसटीकडे. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा यांपैकी एका कार्यशाळेने १९४८ च्या बेडफोर्डच्या धर्तीवर लाकडी अंगाची, कापडी छताची, काथ्याच्या गाद्यांची एक बस बांधावी. चौकात उभी करायला नव्हे, चालवायला. दरवर्षी १ जूनला ती पुण्याहून नगरला जावी, लोकांना तिकीट काढून तिच्यात बसता यावं, आणि उरलेलं वर्षभर कार्यशाळेतल्या पोरांनी तिचे सांधे पाहावेत. खर्च होईल, उपयोग काही होणार नाही. तरी करावी.

दुसरं मागणं तुमच्याकडे, ज्यांच्या गोठ्यामागे दमणी उभी आहे त्यांच्याकडे. चाकं मागायला कोणी आला तर त्याला देऊ नका. या पोळ्याच्या आधी ती बाहेर काढा, उधई लागली आहे का ते खालून पाहा, जवसाचं तेल चोळा, कण्याला वंगण द्या. चाक मोडलं असेल तर आपल्या गावातला, नाहीतर शेजारच्या गावातला चाक करू शकणारा म्हातारा सुतार गाठा, त्याला मागेल ते पैसे द्या, आणि त्याच्या हाताखाली एक तरुण पोरगा बसेल अशी अट घाला. धाव चढवायचा दिवस ठरला की आधी सांगा, म्हणजे शाळेतली पोरं पाहायला येतील.